मलाही सांगितलं होतं

रेडिओवाल्यांना लाज नसते असं माझी आई म्हणते, आणि कौतुकानं म्हणते. सकाळी सात वाजता ओळख ना पाळख अशा माणसांना "काय मंडळी, चहा झाला का?" असं विचारायचं म्हणजे लाज गुंडाळूनच ठेवावी लागते. बारा वर्षं मी ती गुंडाळून ठेवलेली आहे. क्रांती चौकापासून चालत पाच मिनिटांवर एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं स्टेशन आहे. सात ते अकरा माझा शो. गाणी, पाहुणे, फोन, थट्टामस्करी, जालना रोडवर कुठं तुंबलंय त्याची बातमी, आणि मध्ये मध्ये जाहिराती. साडेचारला उठते, सहाला पोचते, आणि सातच्या ठोक्याला अशी काही खिदळायला लागते की नवरा म्हणतो, घरी पण एखादवेळेस हस की.

पाहुणे तर काय एकेक! नान-खलियाची भट्टी चालवणारे चाचा आले होते, त्यांनी येताना एवढा डबा आणला की अख्खं ऑफिस तीन दिवस बोटं चाटत होतं. वेरूळला परदेशी लोकांना त्यांच्या भाषेत लेणी दाखवणारे एक गाईडकाका आले होते. पोटाचे डॉक्टर येतात, पोवाडे म्हणणारे येतात, नुकत्याच परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरी येतात. मी कुणालाही बोलतं करते. तो माझा मोठा गुण आहे, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

शोची एक खूण होती. होती कसली, आहे. कुणीही फोनवर आलं किंवा समोर बसलं, की मी ओरडायची, "नाव नंतर! आधी गाव कोणतं?" आणि एक बटण दाबायची. त्या बटणावर हलगीचा कडकडाट भरून ठेवलेला आहे. तो थांबला की समोरच्यानं छाती फुगवून गावाचं नाव ठोकायचं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. या शहरात माणूस सिडकोत राहतो, वाळूजला कंपनीत जातो, पोरं इंग्रजी शाळेत घालतो, पण गाव विचारलं की गडी लगेच ताठ होतो. कन्नडचे, भोकरदनचे, गेवराईचे, कुठले कुठले लोक फक्त गावाचं नाव हवेत सोडायला फोन करतात. रिक्षावाले सिग्नलला मला ओळखत नाहीत, पण "गाव कोणतं" म्हटलं की, "अरे, आप वो मॅडम?" म्हणून मागं वळतात. ही माझी करामत. मीच काढलेली. माझं स्वतःचं गाव पैठण तालुक्यातलं, वर्षातून एकदा जत्रेला जाते, पण माइकवर "मी पक्की गावाकडची आहे हं" हे दिवसातून दोनदा तरी सांगते.

आणि बाकी बाबतीत मी मोठी जपून बोलणारी बाई आहे. आमच्या शहराला कुणी जुन्या नावानं हाक मारतं, कुणी नव्या. फोनवर कुणाला काय लागेल सांगता येत नाही, म्हणून मी कायम "आपलं शहर" म्हणते. एका शब्दावरून कुणाचं मन दुखू नये म्हणून इतकी काळजी घेणारी मी. हे सांगून ठेवते, म्हणजे मला कळत नव्हतं असं कुणाला वाटायला नको.

दीड वर्षापूर्वी आम्ही सायकलींचा आठवडा केला. दरवर्षी काहीतरी करतोच, कधी स्वेटर, कधी दप्तरं. ऐकणाऱ्यांनी फोन करायचा, "एक सायकल माझ्याकडून" म्हणायचं, त्यांच्या पसंतीचं गाणं लागणार. एक सायकल दुकानदार कमी भावात द्यायला तयार झाला. सायकली जाणार होत्या एका खेड्यातल्या वीस मुलींना. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा सहा किलोमीटर लांब. ते गाव कोणतं, ते मी इथं लिहिणार नाही. एवढं तरी आता शिकले आहे.

त्या पुढच्या शाळेतल्या एक बाई आदल्या आठवड्यात मला भेटायला स्टेशनवर आल्या. पन्नाशीच्या, बारीक, साधी कॉटनची साडी, खांद्याला भली मोठी पर्स. बाईंना चहा नको होता, सेल्फी नको होता. त्यांना एकच गोष्ट बोलायची होती.

"ताई, मी नववीतली एक मुलगी आणणार आहे. बोलकी आहे. ती सांगेल की वाटेत पुलावर पोरं बसतात. मुलींना बघून बोलतात, आडवी येतात. पायी चाललं की तिथून सुटका नसते, सायकल असली की सटकन निघून जाता येतं. त्या पोरांपायीच चार मुलींनी शाळा सोडली. हे तिला सांगू द्या, खरंच आहे ते. पण गावाचं नाव तेवढं येऊ देऊ नका. नाव नसलं की लोक म्हणतील, कुठल्याही गावात होतं असं. नाव आलं की ते आमचं होतं, आणि मग त्या पोरीचं काही खरं नाही. तिलाही मी बजावलंय. तुम्ही तुमचं ते गाव-बिव विचारू नका म्हणजे झालं."

मी म्हटलं, "बाई, काळजीच सोडा. मी गावाकडचीच आहे. मला नाही कळणार?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला होता हे मला चांगलं आठवतं. आता आठवलं की तो हात कुठं लपवू असं होतं.

त्या दिवशी सकाळी बाई मुलीला घेऊन पावणेसातलाच हजर. पोरगी म्हणजे नुसता उत्साह! दोन वेण्या, लाल रिबिनी, गणवेशाला कडक इस्त्री. हेडफोन घातल्यावर स्वतःचाच आवाज ऐकून हसायला लागली. म्हणाली, "ताई, माझे पप्पा रोज कंपनीच्या गाडीत तुम्हाला ऐकतात. आज त्यांनी गाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय."

पहिला तास गार गेला. फोन येईनात. तासाभरात दोन सायकली, त्यातली एक आमच्याच साहेबांची. सकाळी लोकांना सायकलीपेक्षा स्वतःचा डबा महत्त्वाचा असतो, त्यांचं काही चुकत नाही. मी नेहमीचं सगळं केलं, विनोद केले, चांगली गाणी लावली, पण नाही म्हणजे नाही. काचेपलीकडून प्रोड्यूसर नुसते खांदे उडवत होते. माझं डोकं सणकायला लागलं. शो पडला की मला घरचं माणूस आजारी पडल्यासारखं होतं.

आठ वाजता पोरीला बोलायला घेतलं. आणि काय बोलली ती! घाबरणं नाही, रडगाणं नाही. म्हणाली, "आम्ही पुलाजवळ आलो की पावलं मोजतो. साठ पावलं हाईत. साठ पावलं खाली बघून चालायचं. मी एकदा वर बघितलं तर एकानं माझं दप्तर धरलं. मी त्याच्या हाताला चावले." मी विचारलं, "अगं, मग?" तर म्हणाली, "मग काय, त्याच्या हाताला तंबाखूचा वास येत व्हता, दिवसभर मला मळमळलं." स्टुडिओतले सगळे हसले. मीही हसले. आणि फोनचे दिवे लागायला लागले. एक, दोन, पाच, सगळे. एक रिटायर्ड फौजदार रडत बोलले. एका ब्यूटी पार्लरवालीनं दोन सायकली दिल्या. सिडकोतल्या एका सोसायटीनं एकदम पाच. पंधरा मिनिटांत वीसच्या वीस झाल्या आणि फोन चालूच होते. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून डोळे पुसत होत्या.

आता खरं ते सांगते.

जे झालं ते सवयीनं झालं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. साहेबांना, नवऱ्याला, आईला. बारा वर्षांची सवय, बोट आपोआप गेलं, जीभ आपोआप वळली, काय करणार! सगळ्यांनी ते मानलं. ते खोटं आहे. बटणाकडं बोट न्यायच्या आधी मला बाईंचं बोलणं आठवलं होतं. अगदी स्वच्छ आठवलं होतं. पण दिवे लागलेले होते, रंग भरलेला होता, आणि एवढ्या झकास मुलाखतीचा शेवट हलगीशिवाय मिळमिळीत झाला असता. मनात आलं, पोरीला बजावलंय ना, ती नाही सांगणार, काहीतरी चेष्टा करून टाळेल, ती पण मजाच येईल. एवढा विचार करण्याइतका वेळ होता मला. मग मी ओरडले, "आणि जाता जाता! नाव नकोच सांगू, पण गाव कोणतं?" आणि बटण दाबलं.

हलगी वाजली. पोरगी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारून ताठ झाली. रोज घरी रेडिओवर ऐकलेलं ते, आज तिच्या वाट्याला आलं होतं. तिनं गावाचं नाव घेतलं, वर तालुक्याचं घेतलं, आणि "जिंदाबाद!" असं पण म्हणाली. आम्ही टाळ्या पिटल्या. टाळ्या पिटता पिटता मी बाईंकडं बघितलं. त्या उभ्या राहिल्या होत्या, डोळे पुसायचा रुमाल तसाच तोंडावर धरून. मी पटकन गाणं लावलं.

पोरीच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला. "बाई, माझ्या तोंडातून गेलं," म्हणाली. बाई म्हणाल्या, "चल, बस चुकेल." मी मागून "अहो, एवढं काही नाही, कोण लक्षात ठेवतंय!" असं म्हणत जिन्यापर्यंत गेले.

लक्षात ठेवायची गरजच पडली नाही. आमच्या स्टेशनवरच्या पोरांनी दुपारपर्यंत त्या मुलाखतीचा तुकडा कापून मोबाईलवर फिरवायला सोडला. चावण्याचं, तंबाखूच्या वासाचं, आणि शेवटी हलगी आणि गावाचं नाव. मी स्वतः तो पुढं पाठवला. खाली लिहिलं, "आमची वाघीण." काढायला सांगायचं सोडून मी पुढं पाठवला, कारण लोक माझं कौतुक करत होते. दोन वाजता बाईंचा फोन आला. मी जेवत होते, उचलला नाही. तीनला परत आला. "ताई, गावाच्या ग्रुपवर आलंय ते," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी आम्ही तुकडा काढून टाकला. तोवर तो गावात घरोघर झाला होता.

पुढचं बाईंकडून तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. गावाची अब्रू रेडिओवर काढली म्हणून पारावर माणसं बसली. पुलावरचा तो दप्तर धरणारा दुसरा-तिसरा कुणी नव्हता, पोरीचा सख्खा चुलत भाऊ होता. तिनं नाव घेतलं नव्हतं, पण हाताला चावल्याची खूण कुणाच्या हाताला आहे हे गावाला ठाऊक होतं. तिचे मोठे काका, म्हणजे त्या पोराचा बाप, भावाच्या दारात येऊन ओरडून गेले. पोरीची शाळा बंद झाली. तिला मामाच्या गावाला पाठवून द्यायची भाषा सुरू झाली. मामाचं गाव आडरानात, तिथं गेली की शिक्षणाचं नाव संपलं. सायकली टेम्पोतून गुपचूप शाळेत पोचल्या. एकोणीस मुलींनी नेल्या.

मी काय केलं? मी शो केला. रोज सात ते अकरा. साहेबांना एकदा म्हटलं, ती हलगी आता बंद करू या. ते म्हणाले, वेड लागलंय का, तीच तर आपली ओळख आहे, आणि कारण काय? कारण मी सांगितलं नाही. कंटाळा आला म्हटलं. हलगी अजून वाजते.

दहा-बारा दिवसांनी बाईंचा फोन आला. "तिचे वडील म्हणतात, एकदा रेडिओवाल्या ताईंना घरी घेऊन या." वाटलं, चांगली खरडपट्टी काढणार. पण जायला तर हवंच होतं. रविवारी शो नसतो, रविवारी बाई आणि मी माझ्या गाडीनं गेलो.

ओसरीवर सतरंजी घातली होती. वडील चाळिशीचे, अंगात इस्त्रीचा शर्ट, कंपनीचं कार्ड अजून खिशाला. मला बघून उठून उभे राहिले. "या ताई. आवाज रोज ऐकतो, आज दर्शन झालं." खरडपट्टी कसली, माणूस नमस्कार करत होता. मोठे काका भिंतीला टेकून बसले होते, पागोटंबिगोटं काही नाही, साधी टोपी, हातात मोबाईल. आणखी दोघे वयस्कर, गावातले मानाचे. पोरगी पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. तिनं वर बघितलं नाही. मला ती साठ पावलं आठवली.

एक म्हातारबाबा म्हणाले, "मॅडम, तुमचा कार्यक्रम लई झकास असतो. आमची सून लावते रोज." मी हसले. अशा वेळी सुद्धा मला बरं वाटलं, काय म्हणावं या रेडिओवाल्यांच्या जातीला! चहा आला. मग मोठे काका बोलले. आवाज चढवला नाही, उलट मऊ बोलले, ते जास्त भारी पडलं.

"तुमच्यावर आमचा काय राग नाय मॅडम. तुमचं काम बोलायचं हाय. आमची पोरगी लहान नाय, नववीत हाय. मला एवढंच सांगा, गावाचं नाव घ्यायचं नाय म्हणून तिला सांगून नेलं व्हतं का नाय?"

बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं," काका म्हणाले, आणि भावाकडं बघितलं. "सांगून सुदा बोलली. म्हणजे जाणूनबुजून बोलली. मग काय राहिलं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. वडिलांनीही बघितलं. ते सतरंजीच्या कडेला बसले होते, कप हातात धरून, चहा पीत नव्हते. ही माझी जागा होती. तिला सांगितलं होतं तसं मलाही सांगितलं होतं. विचारलं मी. मला माहीत असून विचारलं. ती पोरगी चौदा वर्षांची, मी बेचाळीस वर्षांची. एवढी चार वाक्यं. रेडिओवर दोन सेकंद शांतता झाली तर माझा जीव कासावीस होतो, मी काहीतरी बडबडून ती भरून काढते. त्या ओसरीवर मी कपातल्या सायीकडं बघत बसले. काय आडवं आलं म्हणाल तर काही मोठं नाही. तक्रार स्टेशनपर्यंत गेली तर? आणि त्याहून खरं म्हणजे, आत्ताच झकास म्हणालेल्या त्या म्हातारबाबांच्या नजरेतून उतरायचं माझ्या जिवावर आलं.

शेवटी मी तोंड उघडलं आणि काय म्हणाले? म्हणाले, "लहान आहे हो ती. बोलण्याच्या भरात बोलून गेली. तिला माफ करा."

तिला माफ करा! मी तिच्यासाठी माफी मागितली. वडिलांनी कप खाली ठेवला. काका म्हणाले, "माफ करायचं का नाय, ते घरातलं हाय, बघू." मग पावसाचा विषय निघाला, जमिनींच्या भावाचा निघाला, बिडकीनला कंपन्यांसाठी कुणाची किती जमीन गेली ते निघालं. निघताना दुसऱ्या बाबांनी नातवाकडून माझ्यासोबत फोटो काढून घेतला. मी फोटोत हसले आहे.

गाडीपाशी पोरगी मागून पळत आली. हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी होती, आईनं दिलेली. शेंगा माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "ताई, मला बाईंनी नको म्हणून सांगितलं व्हतं. मी इसरले. माझ्यामुळं तुम्हाला एवढ्या लांब यावं लागलं. तुम्ही रागावल्या नाय ना माझ्यावर?"

मी म्हटलं, "नाही गं वेडे. असू दे."

असू दे म्हटलं मी. तिनं मागितलेली माफी मी घेऊन टाकली, शेंगांबरोबर. तिला खूप बरं वाटलेलं दिसलं. हात हलवत राहिली.

फाट्यावर गाडीतून उतरताना बाई म्हणाल्या, "ताई, मी वाट बघत होते." आणि दार लावून घेतलं. कडक बोलल्या असत्या तर मी उलट भांडले असते, मला भांडायला येतं. घरी येईपर्यंत मला स्वतःची एवढी किळस आली की नवऱ्यानं शेंगा कुठल्या विचारलं, तर मी त्याच्यावरच ओरडले. संध्याकाळी मी वडिलांचा नंबर काढून फोन हातात घेतला. मग वाटलं, आत्ता घरात सगळे असतील, काका असतील, नीट बोलता येणार नाही. उद्या शो झाला की निवांत करू. आणि फोन ठेवून दिला. आतून हायसं वाटलं तेही सांगून टाकते.

सोमवारचा शो मी चांगला केला. सव्वाअकराला खाली येऊन बँकेच्या पायऱ्यांवर बसले आणि फोन लावला. मागं मशीनचा आवाज येत होता, ते कंपनीत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी मला आधीच बजावलं होतं. मी कबूल केलं होतं. तरी मी विचारलं. माहीत असून विचारलं. पोरीची काही चूक नाही, सगळी माझी आहे. सांगताना मी रडले.

ते कुठंतरी बाजूला गेले असावेत, मशीनचा आवाज कमी झाला.

"ताई, हे मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, त्यांनी तुम्हाला पण नको म्हणलं व्हतं म्हणून. पण बाईंचं कोण ऐकतंय, त्या तर पोरीच्याच बाजूच्या. तुमचं ऐकलं असतं. तुम्ही रेडिओवाल्या. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. माझ्या भावासमोर, त्या माणसांसमोर तुम्ही एवढंच म्हणला असता, तर मला बोलायला जागा झाली असती."

मी म्हटलं, "मी येते. आत्ता निघते. सगळ्यांना बोलवा, मी सगळ्यांसमोर सांगते. पाया पडते त्यांच्या."

"आता कशाला येता?" ते म्हणाले. रागानं नाही, दमून म्हणाले. "काल तुम्ही गेल्यावर ठरलं. सकाळच्या गाडीनं मामाकडं घातली तिला. मी सोता बसवून आलो."

मी विचारलं, "तिथं शाळा आहे ना?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"हाय ना," ते म्हणाले. "चौथीपर्यंत."